चर्चमधलं लग्न आणि संध्याकाळचं रिसेप्शन: नवऱ्या मुलाला सूट की टक्सीडो?

वृंदावनी

नमस्कार मंडळी. मुलाचं लग्न ठरलंय. होणारी सून गोव्याची, सालसेतची, कॅथलिक. 28 डिसेंबरला तिच्या गावच्या चर्चमध्ये दुपारी चार वाजता विवाहविधी आहे आणि संध्याकाळी साडेसातला मडगावजवळ उघड्या लॉनवर रिसेप्शन. मग जानेवारीत पुण्यात आपल्या पद्धतीने लग्न. तिथलं सगळं ठरलेलं आहे: सोवळं, उपरणं, मुंडावळ्या. अडलंय ते गोव्याच्या कपड्यांपाशी.

परवा विहीणबाईंचा फोन आला. त्यांनी विचारलं, "मुलगा सूट घालणार की टक्सीडो? त्याप्रमाणे ह्यांचे आणि बेस्टमनचे कपडे शिवायला टाकते." मी म्हटलं, विचारून सांगते. मुलगा म्हणतो टक्सीडो, आयुष्यात एकदाच लग्न करणार आहे. त्याचे बाबा म्हणतात सूट, पुढे दहा वर्षं ऑफिसला तरी होईल. खर्चाचा अंदाज चाळीस हजारांपर्यंत आहे. हातात साडेतीन महिने आहेत.

दोन्हीत नेमका फरक काय, चर्चमध्ये काय शोभतं, आणि गोव्याच्या हवेत अंगावर काय सोसवतं? ज्यांच्या घरी अशी लग्नं झाली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा. सुनेच्या माहेरची माणसं फार आपुलकीने वागताहेत, त्यांच्या रीतीला आमच्याकडून कमीपणा येऊ नये एवढंच मनात आहे.

प्राजक्ता_द

अभिनंदन ताई! आधी एक विचारते: सुनेचा गाऊन पांढरा शुभ्र आहे की आयव्हरी? गाऊन किंचित पिवळसर असेल आणि शेजारी मुलाचा शर्ट लख्ख पांढरा असेल, तर फोटोत गाऊन मळका वाटतो. माझ्या मैत्रिणीच्या लग्नात असंच झालं होतं आणि ती अजून हळहळते. गाऊनच्या कापडाचा तुकडा मागवून घ्या, मग शर्ट ठरवा.

एडिसनकर

वृंदाताई, न्यू जर्सीहून लिहितोय. इकडे बऱ्याचदा पत्रिकेवरच 'ब्लॅक टाय', म्हणजे टक्सीडो घालून या, असं छापलेलं असतं, त्यामुळे हा प्रश्न पाहुण्यांनाही पडतो. फरक सांगतो.

सूट म्हणजे एकाच कापडाचा कोट आणि पँट. टक्सीडोही एकाच कापडाचा असतो, पण त्याच्या लॅपलवर, म्हणजे कॉलरखाली छातीवर दुमडलेल्या पट्टीवर, सॅटिन किंवा बारीक आडव्या रेघांचं रेशमी कापड चढवलेलं असतं. बटणंही कापडाने मढवलेली. पँटच्या बाहेरच्या शिवणीवर वरपासून खालपर्यंत तशीच रेशमी पट्टी. पट्ट्याच्या लुप नसतात, कारण टक्सीडोवर पट्टा लावतच नाहीत. आत पांढरा, पुढे चुण्या असलेला शर्ट, त्याला कफलिंक, काळा बो, कमरेला कमरबंद नाहीतर खोल गळ्याचं जाकीट. बूट काळे आणि चकचकीत.

आता वेळेचा मुद्दा. टक्सीडो हा मुळात रात्रीच्या जेवणाचा पोशाख. ब्रिटनमध्ये त्याला डिनर जॅकेटच म्हणतात आणि जुना संकेत असा की संध्याकाळी सहाच्या आधी तो घालायचा नाही. लंडनच्या सॅव्हिल रो वरच्या हेन्री पूल यांच्या दुकानाने 1865 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्ससाठी, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड झाला त्याच्यासाठी, शेपटीविना आखूड कोट शिवला. घरगुती मेजवानीला लांब शेपटीच्या कोटाचं अवडंबर नको म्हणून. टक्सीडो हे नाव मात्र अमेरिकेतलं. न्यूयॉर्क राज्यात टक्सीडो पार्क नावाची श्रीमंतांची वसाहत 1886 मध्ये वसली, तिथल्या क्लबात हा कोट रुळला आणि गावाचं नाव कोटाला चिकटलं. आम्ही फॉल कलर्स बघायला त्या बाजूला जातो, डोंगर आणि तळ्यांचा फार सुंदर भाग आहे.

तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: चार वाजता सूट, साडेसातला टक्सीडो.

नाना_नगरकर

वृंदाताई, लग्नाच्या शुभेच्छा. पण मनापासून विचारतो, साहेबाचा पोशाख हवाच कशाला? जोधपुरी बंदगळा शिवा. रुबाबदार दिसतो, आपल्या मातीतला आहे, दोन्ही ठिकाणी चालेल. दीडशे वर्षं त्यांची नक्कल केली, ती पुरे झाली असं मला वाटतं.

सालसेतकार

नानांनू, राग मानूं नका, पण गोव्याच्या किरिस्तांव लग्नात सूट ही नक्कल नाही. आमच्या पणजोबांच्या लग्नाचा फोटो घरात लागलेला आहे, त्यातही सूटच आहे. चार पिढ्या घातलेला पोशाख आमचाच झाला.

वृंदाबाय, मडगावचाच आहे मी, म्हणून सविस्तर लिहितो. आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांत, आमच्याकडे लग्नं टाळतात, त्यामुळे नाताळ संपला की त्या आठवड्यात लग्नांची झुंबड असते. हॉल, बँड, शिंपी कुणी मोकळं सापडत नाही. शिंप्याचं लवकर बघा.

चर्चमध्ये चार वाजता टक्सीडो घातला म्हणून फादर काही बोलणार नाहीत. हल्ली निम्मे नवरे दुपारीच टक्सीडो घालून वेदीसमोर उभे असतात. एडिसनकरांनी सांगितलेला सहाचा संकेत इथे कुणी काटेकोर पाळत नाही. पण तुम्ही विचारलंत काय शोभतं, तर माझ्या डोळ्याला चर्चमध्ये साधा सूट आणि टाय जास्त भावतो. तिथे नवरा पाहुणा नसतो, तो शपथ घ्यायला आलेला असतो.

रिसेप्शनची गोष्ट वेगळी. नवरा-नवरी आत येतात, केक कापतात, टोस्ट होतो, म्हणजे एक जाणता माणूस दोघांबद्दल बोलतो आणि सगळे ग्लास उंचावतात. मग पहिला वॉल्ट्झ, म्हणजे जोडीने करायचा संथ नाच, मग मार्च, म्हणजे नवरा-नवरीमागे जोड्यांची रांग. तोपर्यंत नवऱ्याने कोट काढायचा नाही, कारण त्याने काढला की सगळे काढतात. मार्च संपला की मोकळं. मग मांडो, मसाला ही आमची कोंकणी गाणी, बँड थांबेपर्यंत नाच. शेवटी बऱ्याच गावांत शीम करतात: पाहुणे निघताना जमिनीवर फेणीची रेघ ओढून दोन घरांची वेस आखतात आणि मग ती ओलांडतात. तुमच्या मुलाच्या अंगावर तो कोट तोपर्यंत असणार आहे. म्हणून बाकी काही असो, कापड हलकं घ्या. डिसेंबरात रात्री 20-21 अंशांपर्यंत उतरतं, पण दुपारी 32 असतं आणि हवेत दमटपणा. मुलाला वॉल्ट्झ येतो का? नसेल तर कपड्यांआधी तो शिकवा!

वृंदावनी

सालसेतकार, किती मनापासून लिहिलंत. शीमेबद्दल विहीणबाईंनी सांगितलं नव्हतं, ऐकूनच अंगावर काटा आला. आणि त्या म्हणाल्या की आदल्या दिवशी रोस असतो, नारळाचा रस लावतात, आणि मुलीला मामाकडून चुडा भरतात. आमच्याकडेही हिरवा चुडा भरतात म्हटल्यावर दोघी फोनवर अर्धा तास बोलत बसलो.

प्राजक्ता, गाऊन आयव्हरी आहे. तुकडा मागवते.

निळाई

नाना, तुमच्या वयाचा मान ठेवून लिहिते. आमच्या घरात सूट ही गुलामी कधीच नव्हती. आमच्या आजोबांना गावात अंगभर कपडे घालायला बंदी होती. बाबासाहेबांनी सूट घातला, कोट-टाय लावून विधिमंडळात, संसदेत, परिषदांत उभे राहिले, आणि आमच्या लोकांना कळलं की आपणही असं उभं राहू शकतो. माझ्या वडिलांनी 1983 साली लग्नात निळा सूट घातला. बुद्धवंदना आणि मंगल परिणय झाला तेव्हा मागे बाबासाहेबांचा फोटो होता, त्यातही सूटच. कापड स्वस्त टेरिकॉट होतं, पण आज्जीने तो सूट मरेपर्यंत पेटीत मलमलीत गुंडाळून ठेवला होता.

पोशाख कुठून आला यापेक्षा तो कुणाला काय देऊन गेला हे बघावं असं मला वाटतं. बंदगळा सुंदरच असतो, त्याबद्दल तक्रार नाही.

नाना_नगरकर

निळाई, तुम्ही लिहिलंत ते दोनदा वाचलं. ह्या अंगाने मी विचार केला नव्हता. माझा शब्द मागे घेतो. वडिलांच्या त्या सूटला माझा नमस्कार सांगा.

छायाप्रकाश

सतरा वर्षं लग्नाचे फोटो काढतोय, त्यातून दोन-तीन गोष्टी सांगतो.

उघड्या लॉनवर रात्री काळा कोट मागच्या अंधारात मिसळून जातो. फोटोत उरतो चेहरा आणि शर्टाचा पांढरा त्रिकोण. टक्सीडोचं सॅटिन इथे उपयोगी पडतं, कारण ते दिव्याचा उजेड पकडतं आणि कोटाची कड दिसते. पण फार चमकणारं सॅटिन घेतलंत तर फ्लॅशमध्ये पांढरे डाग उठतात. म्हणून रेघांचं रेशमी कापड, मंद चमकेचं, ते उत्तम.

रंगात माझं मत मिडनाइट ब्लू. विजेच्या दिव्यात काळं कापड कधी कधी हिरवट, विटकं दिसतं. गडद निळं मात्र काळ्याहून काळं दिसतं. 1920 च्या दशकात विंडसरच्या ड्यूकने, तेव्हा तो प्रिन्स ऑफ वेल्स होता, हा रंग लोकप्रिय केला.

मखमलीच्या कोटाच्या मागे लागू नका. प्रत्येक धागा, केस चिकटतो, आणि पाठीवर आशीर्वादाचे हात फिरले की त्यांचे ठसे उमटतात. आणि हार! पुण्याच्या रिसेप्शनला हाच टक्सीडो घालणार असाल तर लक्षात ठेवा, ओल्या निशिगंधाचा हार सॅटिनवर पडला की पाण्याचा डाग पडतो आणि तो सहज जात नाही.

पोटोबा

सगळे कोटावर बोलताहेत, केळवणांवर कुणीच नाही! माझ्या धाकट्या भावाचं माप सप्टेंबरात घेतलं, तोवर एकही केळवण झालं नव्हतं. नंतर चौदा झाली. पुरणपोळी, बासुंदी, दोन ठिकाणी मटण. लग्नाच्या दिवशी कोटाचं बटण काजाच्या दिशेने बघत होतं, पण भेट काही झाली नाही.

कात्रीमास्तर

पोटोबांनी अगदी खरं सांगितलं. बत्तीस वर्षं कोट शिवतोय. वृंदाताईंसाठी माझ्या टेबलावरचं ज्ञान लिहितो, थोडं लांबेल.

पहिलं कापड. दुकानात टक्सीडो म्हणून जे लटकवलेलं असतं त्यातलं पुष्कळसं पॉलिस्टर-व्हिस्कोस असतं, वर चमकी कॉलर लावली की नाव टक्सीडो. गोव्यात ते अंगावर प्लॅस्टिकसारखं चिकटेल. शुद्ध लोकर घ्या. लोकर म्हटलं की लोक घाबरतात, पण पातळ विणीची ट्रॉपिकल लोकर घाम शोषते, हवा खेळू देते आणि चुरगळलेली रात्रीत सरळ होते. मीटरला 230 ते 260 ग्रॅम वजनाचं कापड मागा. सुपर 100 म्हणजे धागा जास्तीत जास्त 18.75 मायक्रॉन जाडीचा, सुपर 120 म्हणजे 17.75. आकडा वाढला की धागा बारीक, कापड मऊ, पण नाजूकही. नाचायचं असेल तर सुपर 100 किंवा 110 वर थांबा. 58 इंची पन्ह्याचं सव्वातीन मीटर कापड दोन नगांना पुरतं. मुलगा सहा फुटांच्या वर असेल तर जरा जास्त घ्या.

दुसरं आतलं काम. कोटाच्या छातीत काय घातलंय ते विचारा. स्वस्त कामात फ्यूजिंग असतं, म्हणजे गोंदाचं कापड इस्त्रीने चिकटवलेलं. चार-पाच ड्रायक्लीनिंग झाली की ते सुटतं आणि लॅपलवर बुडबुडे येतात. कॅनव्हास घातलेला कोट हाताने टाचलेला असतो, तो अंगाचा आकार घेतो. पूर्ण कॅनव्हास परवडत नसेल तर निदान छाती आणि लॅपलपर्यंत अर्धा तरी मागा. ओळखायचं कसं? शेवटच्या बटणाच्या खाली कोटाचं कापड दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून हलकं ओढा. मध्ये तिसरा थर सरकताना जाणवला तर तिथपर्यंत कॅनव्हास आहे.

तिसरं, खांदा. कंबर आत घेता येते, सैल करता येते, बाही आखूड होते. खांदा चुकला तर मी हात जोडतो, कारण खांदा खोलणं म्हणजे कोट नव्याने शिवणं. पहिल्या कच्च्या ट्रायलला, पांढऱ्या धाग्याच्या टाक्यांवर कोट उभा असतो तेव्हा, मुलाला आरशाकडे बघू देऊ नका. त्याला हात वर करायला सांगा, मिठी मारायला सांगा, नाचायला सांगा. बगल वर ओढली गेली तर त्या दिवशीच सांगायचं.

चौथं. टक्सीडोची पँट बिनपट्ट्याची, तेव्हा कमरेला बाजूला बकल किंवा आतून गॅलिस, म्हणजे खांद्यावरून जाणारे पट्टे. केळवणांसाठी गॅलिस उत्तम, कंबर दोन इंच इकडेतिकडे झाली तरी पँट जागेवर राहते. आणि मागच्या मधल्या शिवणीत दीड इंच दाब, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, ठेवायला सांगा. शेवटची ट्रायल सगळी केळवणं संपल्यावर.

लॅपलच्या रेशमावर थेट इस्त्री फिरवली तर जन्माचा डाग. वर सुती कापड टाकूनच दाबायचं. गोव्यात हॉटेलच्या माणसाला हे आधी सांगा.

सूट की टक्सीडो म्हणाल तर दोन्ही नवे चांगल्या कामाचे चाळीस हजारांत बसणार नाहीत. एक चांगला शिवा. दोन सुमार शिवू नका.

एडिसनकर

मास्तर, प्रत्येक ओळ जपून ठेवण्यासारखी. भाड्याने घेण्याबद्दलही लिहितो, कारण अमेरिकेत बरेच नवरे टक्सीडो भाड्यानेच घेतात. माझ्या लग्नात मीही घेतला. मापं ऑनलाइन पाठवली होती. आदल्या दिवशी डबा उघडला तर पँट एक इंच आखूड आणि कोटाला कुणाच्या तरी अत्तराचा वास. दुकानदाराने बदलून दिला, पण तोपर्यंत रात्रीचे नऊ वाजले होते आणि आई रडकुंडीला आली होती. जवळ शिंपी असेल तर शिवूनच घ्यावं.

आणि नानांसाठी एक आनंदाची बातमी. टक्सीडोवर कमरेला जो चुणीदार पट्टा बांधतात त्याचं नाव कमरबंद, आणि ते आपल्याकडूनच गेलंय. मूळ फारसी, हिंदुस्थानात रुळलेला शब्द. इथल्या उन्हात इंग्रज अधिकाऱ्यांना जाकीट सोसेना, तेव्हा त्यांनी इथला कमरबंद उचलला. त्याच्या चुण्या वरच्या दिशेला उघड्या ठेवायच्या, उलटा बांधू नका.

नाना_नगरकर

वा! म्हणजे आमच्या कमरेचं सोनं तिकडे जाऊन परत आलं. फार बरं वाटलं.

आणि कबुली देतो. काल माळ्यावरचे अल्बम काढले. 1974 सालच्या माझ्या लग्नात सकाळी मुंडावळ्या, संध्याकाळी मी काळ्या सुटात उभा! सासऱ्यांनी दिलेलं सुटाचं कापड. तेव्हा जावयाला सूट द्यायची पद्धतच होती, याद्या करताना 'मुलाला सूट, आईला शालू' असं लिहिलेलं असायचं. मास्तरीच्या पगारात सासऱ्यांनी ते कापड कसं घेतलं असेल ते आज कळतं. मी तो उभ्या जन्मात चार वेळा घातला. डांबराच्या गोळ्या बदलत राहिली ती सौ.

वसईकर_कुपारी

नानांच्या पोस्टवरून राहवलं नाही. आम्ही वसईचे, सामवेदी ख्रिस्ती. घरात कादोडी बोलतो, आजी लाल लुगडं नेसायची आणि आजोबा लग्नात सुटात होते. दोन्ही एकाच फोटोत.

माझ्या लग्नाच्या वेळी, 2011 मध्ये, मी नवा सूट घ्यायला निघालो होतो. आईने कपाटातून डॅडींचा लग्नातला सूट काढला. 1979 चा, गडद करडा. आमच्या शिंप्याने आतला खिसा उलटा केला तर तिथे कापडी पट्टी शिवलेली, तिच्यावर शाईने डॅडींचं नाव आणि 'जाने. 79'. शाई जांभळी पडली होती, पण अक्षर न अक्षर वाचता येत होतं. शिंपी म्हणाला, ह्या माणसाने बाजूच्या शिवणीत दीड इंच दाब ठेवलाय, तुझ्यासाठीच ठेवला असणार. खांदा मला चपखल बसला. कंबर सोडवली, अस्तर नवं घातलं, लॅपल थोडं अरुंद केलं. चर्चमध्ये मी शिरलो तेव्हा डॅडी काही बोलले नाहीत. जवळ आले आणि कोटाची बाही दोन बोटांत धरून उभे राहिले.

वृंदाताई, मुलाच्या बाबांचा लग्नातला सूट आहे का घरात? असेल तर मास्तर म्हणतात तो खर्चाचा पेच सुटेल.

प्राजक्ता_द

वसईकर, ऑफिसात बसून डोळे पुसतेय.

पोटोबा

मीही. आणि माझ्या डब्यात आज बासुंदी असूनही.

कात्रीमास्तर

वसईकर, तुमच्या डॅडींच्या शिंप्याला माझा रामराम. आतल्या खिशात नाव-तारीख लिहिणं ही जुनी शिस्त. हल्ली दाब ठेवायला सांगितलं तरी कारागीर अर्धा इंच ठेवतात, कापड वाचवायला.

ताई, जुना कोट असेल तर आधी फक्त तीन गोष्टी बघा. खांद्याची शिवण मुलाच्या खांद्याच्या हाडावर येते का, कॉलर मानेला चिकटून बसते का, आणि उजेडासमोर धरल्यावर कसरीने भोकं पाडलीत का. हे तीन ठीक असेल तर बाकी सगळं होतं.

वृंदावनी

दोन आठवडे उत्तर देता आलं नाही, क्षमा असावी. पण वसईकरांची पोस्ट वाचली त्याच रात्री मी बेडमधला कप्पा उघडला.

ह्यांचा सूट निघाला. 1993 चा. राखाडी, अगदी बारीक उभी रेघ. कापड माझ्या वडिलांनी दिलं होतं. नाना, तुमच्या सासऱ्यांसारखेच तेही शिक्षक होते, आणि लक्ष्मी रोडवर तीन दुकानं फिरून त्यांनी ते निवडलं होतं. मी बरोबर होते. दुकानदार दुसरं स्वस्त दाखवत होता तर अण्णांनी ते बाजूला सारलं आणि ह्या कापडाची कड अंगठ्याने चोळून बघत राहिले. हे आठवायला मला तुमचा धागा लागला. अण्णा जाऊन नऊ वर्षं झाली.

मास्तरांचे तीन प्रश्न विचारले. खांदा बसतो! मुलगा व्यायामाने छातीत भरलाय, पण हाडपेर बापाचं. कॉलर ठीक. उजेडासमोर धरलं, कसर नाही, डांबराच्या गोळ्यांचा वास मात्र भरपूर. चार दिवस गच्चीतल्या सावलीत टांगून ठेवला.

आमच्या शिंप्यांनी बाजूची शिवण उसवली. आतल्या दाबाचं कापड बाहेरच्यापेक्षा गडद निघालं, अगदी अण्णांनी घेतलं त्या रंगाचं. छातीत पाऊण इंच सोडवता आलं. जुन्या शिवणीची रेघ दिसत होती, ती वाफेने बरीच गेली, आणि जी उरली ती हाताखाली झाकली जाते. पँट काही होण्यासारखी नव्हती, ती साध्या गडद राखाडी कापडात नवी करतोय.

तर ठरलं असं. चर्चमध्ये चार वाजता ह्यांचा कोट आणि टाय. रिसेप्शनला टक्सीडो, मिडनाइट ब्लू, ट्रॉपिकल लोकर, लॅपल रेघांच्या मंद रेशमाचं, अर्धा कॅनव्हास, गॅलिस. मुलगा खूश, कारण त्याला टक्सीडो मिळाला. हे खूश आहेत की नाही ते सांगत नाहीत, पण रोज संध्याकाळी शिंप्याकडे काही ना काही काम काढून जातात.

विहीणबाईंना कळवलं. त्या क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "मग आमचे हेसुद्धा दुपारी साधा सूटच घालतील." शर्टाचं कापड गाऊनच्या तुकड्याशी जुळवून आयव्हरीकडे झुकणारं घेतलंय, प्राजक्ता.

आता फक्त बो बांधता येत नाही. तयार क्लिपचा घ्यावा का?

एडिसनकर

नको नको, शिकू द्या त्याला. आधी गळ्यात बांधायला जाऊ नये. खुर्चीत बसून गुडघ्याच्या वर मांडीला बांधून सराव करायचा. बुटाच्या नाडीचीच गाठ आहे ती, फक्त समोरून दिसते म्हणून हात गोंधळतात. पंधरा-वीस वेळा केलं की जमतं. थोडा तिरका राहिला तरी राहू द्या, हाताने बांधलेला आहे हे त्यातूनच कळतं. आणि रात्री उशिरा सोडून गळ्यात नुसता लोंबता ठेवता येतो, क्लिपच्या बोला ते सुख नाही.

सालसेतकार

वृंदाबाय, काळीज भरलें. देव बरें करूं. चर्च कुठलं ते कळवलंत तर दारात मी उभा असेन, तो कोट मला बघायचाय.

आणि वॉल्ट्झचं काय झालं?

वृंदावनी

सालसेतकार, तुम्ही यायचंच. व्यक्तिगत निरोपात पत्ता पाठवते.

वॉल्ट्झ सुरू आहे. सून व्हिडिओ कॉलवर शिकवते, हा हॉलमधली बैठक बाजूला सारून एक-दोन-तीन मोजत फिरतो. काल टक्सीडोची कच्ची ट्रायल झाली. मास्तर, तुम्ही सांगितलंत तसं शिंप्यांच्या दुकानातच नाचायला लावलं. डावी बगल ओढत होती, ती खोलून घेतली. बाही अर्धा इंच लांब आहे, शर्टाचा कफ दिसत नव्हता. तिथे खडूची खूण केलीय. पुढची ट्रायल केळवणं संपल्यावर.